हरवलेला किलोचा पुडा

भाचीला तारांगणात निवेदकाची नोकरी लागली असती तर भाचीचा फायदा होताच. पण नीट हिशेब मांडला तर मामांचा जास्त होता. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती मामांकडे राहायला आली आणि त्यांच्या कॉफीच्या दुकानात बसू लागली, तेव्हापासून गल्ल्यामागची गादीची खुर्ची तिच्याकडे गेली होती. खुर्चीचं एक वेळ चाललं असतं. पण आजवर मामा बोलत आणि गिऱ्हाईक मान डोलवत असे. आता मामा बोलत, भाची दुरुस्त करी आणि गिऱ्हाईक तिच्याकडे बघून मान डोलवी. नोकरी लागली की खुर्ची परत, शेवटचा शब्द परत, शिवाय बहिणीकडून शाबासकी. इतक्या स्वस्तात इतकं मामांना कुठल्याच व्यवहारात मिळालं नव्हतं.

मुलाखत फोनवर होती, दुपारी चारला. मामांनी जेवण होताच तिची तयारी करून घ्यायला सुरुवात केली.

"विचारतो हं. अवकाशात गुरुत्वाकर्षण असतं का?"

"असतं."

"चूक! पहिल्याच प्रश्नाला आपटलीस. ते लोक तरंगतात ते काय हौस म्हणून?"

"मामा, ते तरंगत नाहीत, पडत असतात. यानासकट."

"बरं बाई, पडू देत. पुढचा. अवकाशात हवा नाही, मग त्यांचे फोन कसे लागतात?"

"रेडिओलहरींना हवा लागत नाही. विद्युतचुंबकीय लहरी निर्वातातून जातात. सूर्यप्रकाश नाही का येत?"

"सूर्याचं सोड, तो मोठा आहे," मामा म्हणाले. "फोनचं बोल. हवा काढून घेतली तर फोन लागणार नाही. लाव पैज."

दुसऱ्या कुठल्याही घरात हा वाद इथेच विरला असता. पण मामांच्या दुकानात पुड्यातली हवा ओढून तोंड बंद करणारं यंत्र होतं. रोज त्यातून हॉटेलांसाठी किलोकिलोचे पुडे विटेसारखे घट्ट होऊन बाहेर पडत. भाचीने ऐटीत स्वतःचा फोन पुढे केला. "घाल आत. आणि तुझ्या फोनवरून लाव मला."

यंत्राच्या दाबाने काच तडकू नये म्हणून मामांनी पुड्यात आधी कॉफीची पूड घातली, तीत फोन उभा खोवला, वरून आणखी पूड ओतली. यंत्र घुरघुरलं, पुडा आकसला, तोंड बंद झालं. मामांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला. त्यातली बाई गोड आवाजात म्हणाली की तुमचा संपर्क होऊ शकत नाही.

मामांनी पुन्हा लावला. बाई पुन्हा तेच म्हणाली, आणि मामांच्या मते आणखी गोड आवाजात.

"काय पंडिता? हवा गेली, लहर गेली!"

भाचीचा चेहरा उतरला. पदवीचं एक वेळ राहू दे. थोड्या वेळात हाच प्रश्न मुलाखतीत आला तर काय बोलायचं? ती मागच्या खोलीत जाऊन पुस्तक उलथंपालथं करू लागली. मामा विजयी मुद्रेने रिकाम्या खुर्चीत बसले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला.

चाराला थोडा अवकाश असताना भाची ओरडत बाहेर आली. "हवेचा संबंधच नाही! मामा, तुझा पुडा आतून धातूचा आहे! चकचकीत पत्रा! लहरी त्यानेच अडवल्या. कात्री दे, फोडते पुडा."

मामांनी टेबलाकडे पाहिलं. टेबल पुसून लख्ख होतं.

"इथला पुडा?" त्यांनी पॅकिंगवाल्या मावशींना विचारलं.

"लेबलाशिवाय पडला होता मालक. लावलं लेबल, टाकला खोक्यात," मावशी म्हणाल्या. "एरवी ओरडता ना, पुडे उघडे टाकता म्हणून?"

कोपऱ्यात खोक्यांची चळत होती. एका खोक्यासारखं दुसरं, एका पुड्यासारखा दुसरा. फोन लावून शोधावा तर पत्रा आडवा. भाचीला एकदम सुचलं. "काटा! लहरी अडतील, पण गुरुत्वाकर्षणाला कुठलाच पत्रा अडवत नाही. ज्याचं वजन वेगळं, तो माझा."

मावशी पुडे काढू लागल्या, भाची काट्यावर ठेवू लागली. किलो. किलो. किलो. तळाच्या खोक्यापर्यंत सगळे किलोच.

"असं कसं होईल?"

मामा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत हळूच म्हणाले, "मी तो वजन करूनच भरला."

"काय?"

"फोन धरून बरोबर किलो. अगं, हाताला सवय आहे! माझ्या दुकानातून कमीजास्त वजनाचा पुडा जात नाही."

"मामा, त्यात फोन होता! तो काय हॉटेलात जाणार होता?"

"आता जाईलच," मावशी म्हणाल्या.

मग मामांनी स्वतः कात्री उचलली. फुस्स करून एक पुडा सैलावला, नुसती कॉफी. दुसरा, तिसरा, सगळीकडे कॉफीच. घड्याळात चार वाजले, वाजून गेले. भाची कोपरापर्यंत कॉफीत होती आणि रडू आवरत होती. तेवढ्यात मामांचा फोन वाजला.

"तारांगणातून संचालिका बोलतेय. अर्जावर दुसरा नंबर हा आहे. मुलगी आहे का? तिचा फोन बंद येतोय."

मामांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवून भाचीच्या तोंडाशी धरला, कारण तिचे हात धरण्याजोगे नव्हते. दुसरं काही सुचेना, म्हणून तिने जे घडलं ते सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे लहरींनी सापडत नाही, वजनानेही सापडत नाही," संचालिका म्हणाल्या. "मग आता कशाने शोधणार?"

भाचीने नाक ओढलं. मग थबकली. "मॅडम, फोनची घनता कॉफीपेक्षा जास्त. वजन तेवढंच, म्हणजे आकार कमी. पुडा बारीक असणार! मावशी, उरलेले सगळे ओळीने उभे करा!"

पुडे टेबलावर उभे राहिले. भाचीने वाकून, एक डोळा मिटून ओळीवरून नजर फिरवली. मधेच एक पुडा चारजणांत अंग चोरून उभा होता. मामांनी कात्री चालवली. आतून फोन निघाला, आणि बाहेर येताच चुकलेल्या फोनांसाठी टिंगटिंग करू लागला.

"सापडला!" मावशींनी टाळीच वाजवली.

"छान," संचालिका म्हणाल्या. "आता मुलाखतीचा प्रश्न. अवकाशयानात हे पुडे काट्यावर ठेवले असते तर?"

"काट्याने शून्य दाखवलं असतं. पण गुरुत्वाकर्षण असतं."

"नसतं!" मामा फोनच्या मागून म्हणाले.

"ते कोण?"

"मामा आहेत, मॅडम."

"मग त्यांना पटेल असं सांगा. आमच्याकडे रोज असेच येतात."

भाची मामांकडे वळली. "समज, तू हातात काटा धरलास, काट्यावर पुडा, आणि गच्चीवरून उडी मारलीस."

"मी का मारीन?"

"समज रे! तू, काटा, पुडा, तिघं एकदम खाली. काटा काय दाखवेल?"

मामांनी डोळे मिटले. काट्याच्या बाबतीत ते खोटं बोलू शकत नव्हते. "पुडा काट्यावर दाबणारच नाही... शून्य."

"म्हणजे गुरुत्वाकर्षण गेलं?"

"गेलं कसं? तेच तर मला आपटणार आहे!"

एवढं बोलून मामांनी डोळे उघडले आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. फोनमधून हसण्याचा मोठा आवाज आला. "सोमवारपासून या," बाई म्हणाल्या. भाची मटकन खाली बसली, कॉफीतच. मामांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरची पूड उडाली.

तर एकूण जमाखर्च असा. भाचीला नोकरी लागली. मामांना खुर्ची मिळाली, आणि समोर मान डोलवणारी गिऱ्हाइकंही. फोडलेल्या पुड्यांची कॉफी मामींच्या गळ्यात पडली. दारात येईल त्याला त्या पेला देत सुटल्या. पण त्या खुर्चीत मामांचा जीव रमेना. हल्ली ते दर रविवारी तारांगणात पहिल्या रांगेत दिसतात. भाची घरच्यांसाठी फुकट पास आणते. मामा घेत नाहीत, रांगेत उभे राहून तिकीट काढतात. कारण विचारलं तर सांगतात, "पास घेतला की मध्ये बोलता येत नाही."