पहिलं ग्रीस

हिरामणने आयुष्यात तीन होड्या आणि पाच इंजिनं घेतली होती, पण प्रोसेसर कधी घेतला नव्हता. तरी मुरुडच्या केतनच्या दुकानात तो असा ऐसपैस बसला, जणू दुकान त्याचंच. मुलगी प्राप्ती घरबसल्या इमारतींचे नकाशे करायची. हरिहरेश्वरच्या एका लॉजचं तिचं पहिलं मोठं काम सोमवारी द्यायचं होतं आणि जुना कॉम्प्युटर दर भिंतीला अडून बसत होता.

केतनने दोन प्रोसेसर दाखवले. एक स्वस्त, पण पुढे वाढवायचं झालं तर सगळंच बदलावं लागणार. दुसरा थोडा महाग. त्याच्या बोर्डवर उद्या याहून मोठा बसवता येईल. वॉरंटी दोन्हींना तीन वर्षं, मात्र आत कोणी हात घातला तर नाही. प्राप्ती समजावून सांगायला तोंड उघडणार, तोच हिरामण म्हणाला, "होडी तीच, इंजिन मागनं मोठं. ह्योच दे." हात न घालण्याची अट परक्यांसाठी असणार, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं.

हिरामणच्या घरची एक रीत होती. नव्या इंजिनाला पहिलं ग्रीस मालकाने स्वतःच्या बोटाने लावायचं. खाऱ्या हवेत लोखंड टिकतं ते त्यामुळेच. रविवारी सकाळी प्राप्ती आईबरोबर बाजारात गेली आणि हिरामणने ग्रीसचा डबा काढला. केतनने जोडून दिलेल्या नव्या कॉम्प्युटरचे बाहेरचे स्क्रू झाले. मग झाकण उघडलं, आतला पंखा उचलला. खाली प्रोसेसरवर काहीतरी करडं, चिकट लागलेलं. नव्या वस्तूला ही घाण? त्याने ती जुन्या बनियनने निगुतीने पुसली, तिथे बोटभर ग्रीस चोपडलं आणि सगळं होतं तसं बसवलं.

दुपारी कॉम्प्युटर सुरू झाला आणि दहा मिनिटांत बंद पडला. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. प्राप्ती रडकुंडीला आली. वॉरंटी आहे, बदलून देतील, असं स्वतःलाच सांगत तिने बिल शोधलं. हिरामणने पेटी उचलली आणि दोघं केतनच्या दुकानात गेले.

केतनने पंखा काढून वास घेतला. "काका, हे काय?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण पोरगी शेजारीच उभी होती. "ग्रीस. मीच लावलंय," हिरामण म्हणाला. "वॉरंटी गेली तर जाऊ दे, नवा घाल. पन बायचं काम थांबता नये."

केतनने कपाळाला हात लावला. पुसलेली ती घाण म्हणजे उष्णता ओढून घेणारी पेस्ट होती. नशीब एवढंच, की फार तापल्यावर प्रोसेसर आपणहून बंद झाला होता, म्हणून वाचला. केतनने सगळं पुसून मुगाएवढी पेस्ट लावली. कॉम्प्युटर सुरू झाला तो चालूच राहिला. हिरामणने आधी प्रोसेसरला हात जोडले, मग केतनला. त्याला खरंच भरून आलं होतं.

उपकाराची फेड म्हणून तो इकडेतिकडे बघू लागला. कोपऱ्यात चार जुने कॉम्प्युटर पडले होते. त्यांचे गंजलेले स्क्रू तीन दिवसांपासून हलत नव्हते. हिरामणने डबा उघडला, थोडं ग्रीस, थोडा दम, एक हलकी टिचकी, आणि तासाभरात चारही पेट्या उघडल्या.

"काका, तुम्ही देवासारखे आलात," केतन म्हणाला.

नकाशे सोमवारी वेळेवर गेले. तेव्हापासून केतनच्या दुकानातल्या प्रत्येक नव्या कॉम्प्युटरच्या बाहेरच्या स्क्रूंना पहिलं ग्रीस हिरामणच्या बोटानेच लागतं. फक्त झाकण घट्ट बसवून झाल्याशिवाय केतन त्याला बोलावत नाही.