हरसिंगभाऊंची धार

हरसिंगभाऊंची बोट सुटायच्या आधी उतारूंपैकी एकाची ड्यूटी लागते. त्याने मागच्या कोपऱ्यात बसायचं आणि पलीकडचा काठ येईपर्यंत एका पाइपाच्या तोंडाकडे बघत राहायचं. त्या पाइपातून पाण्याची धार धरणात पडत असते. थोड्या थोड्या वेळाने ‘धार चालू!’ असं ओरडायचं, की झालं. मात्र ड्यूटीवरच्या माणसाने गप्पा मारायच्या नाहीत, तंबाखू मळायची नाही आणि फोन वाजला तर वाजू द्यायचा. एकदा तर त्यांनी चक्क एका नवरदेवाला बाशिंगासकट धार बघायला बसवलं होतं. वऱ्हाडी चिडले. हरसिंगभाऊ म्हणाले, “पहिले धार, मंग यार. लगन काठावर गेल्यावर लागते, पाण्यात नाई लागत.”

मी धरणापलीकडच्या तांड्यावर मास्तर आहे. पुसदहून एसटीने काठापर्यंत यायचं आणि पुढे वीस मिनिटं बोट. रस्त्याने जायचं तर धरणाला वळसा घालून सव्वा तास लागतो. मला पोहता येत नाही. नुसतं येत नाही असं नाही, मी पाण्याला मनापासून भितो. पहिल्या दिवशी बोटीत बसलो तेव्हा एका हाताने फळी आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या बाईंची पिशवी घट्ट धरली होती. हरसिंगभाऊंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि नेमणूक जाहीर केली. “आजपासून धार गुरुजीकडं. भेणारा माणूस डोये मिटत नाई.”

भित्रेपणाच्या जोरावर मिळालेली आयुष्यातली ही माझी एकमेव बढती.

धारेचं शास्त्र त्यांनी मला आठवडाभर शिकवलं. आधी ते विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे, त्यामुळे पंप म्हटला की त्यांना भान राहत नाही. बोटीच्या डिझेल इंजिनाच्या पुढे एक पितळी डबी आहे. तिच्यात सहा पाकळ्यांचं रबरी फूल फिरतं. ते धरणाचं पाणी खालून ओढतं, तापलेल्या इंजिनाभोवती फिरवतं आणि बाहेर टाकतं. बाहेर धार दिसली म्हणजे आत सगळं ठीक आहे. “आन ध्यानात ठेवा गुरुजी, त्या फुलाले पाणीच वंगण. कोरडं फिरलं का मिनटात जळते. फूल गेलं का इंजिन गेलं, इंजिन गेलं का मंग आपण कोणाचे?”

हे कोरडेपण त्यांच्या डोक्यात इतकं बसलं होतं, की शाळेच्या मैदानावर कवायत चालली असली तरी ते कुंपणापाशी थांबायचे. “पोराईले पाणी पाजलं का? कोरडे कायले पळवून राह्यले त्याईले?”

मी हसायचो. सगळेच हसायचे. आणि एवढं शिकवूनही मी जो घोटाळा केला, तो तांड्यावरच्या दुसरीतल्या पोरानेही केला नसता.

त्या दिवशी दसरा होता. तांड्यावर बोटीची पूजा असते, म्हणून सुट्टी असूनही मला बोलावणं होतं. बोट काठावर ओढून, धुऊन, झेंडूची माळ घालून उभी केली होती. हरसिंगभाऊ नारळ आणायला घरी गेले. तेवढ्यात पाहुण्यांपैकी कोणीतरी मोबाइल काढला आणि म्हणालं, “गुरुजी, चावी फिरवा न! चालू इंजिनाचा व्हिडिओ घेतो.” मला कोणी कधी कशाचा व्हिडिओ घेऊ का म्हणून विचारलेलं नाही. मी चावी फिरवली. इंजिन धडधडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी हातही हलवला. दोन-अडीच मिनिटं चाललं असेल. मग जळक्या रबराचा वास आला. मी झटकन इंजिन बंद केलं. पाणी खाली उताराला होतं आणि बोट कोरड्या जमिनीवर.

हरसिंगभाऊ नारळ घेऊन आले. मी गप्प बसलो. सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली, आणि काही झालं नसेल असं मनाला समजावलं.

संध्याकाळी सोनं वाटून पाहुणे परत निघाले. नऊ माणसं, त्यात एक म्हातारी आणि एक बाई तान्ह्या लेकरासकट. मी माझ्या कोपऱ्यात बसलो. बोट पाण्यात गेली, धार पडली. बारीक होती, पण पडली. ‘धार चालू!’ ओरडताना माझाच आवाज मला खोटा वाटला.

अर्ध्यावर आलो आणि वारा सुटला. परतीच्या पावसाचे ढग उत्तरेकडून चढून आले होते. धार दोऱ्याएवढी झाली, मग थेंब थेंब, मग काहीच नाही.

“धार बंद!” मी किंचाळलो.

हरसिंगभाऊंनी लगेच इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली आणि लाटांचा आवाज मोठा झाला. “शेवाळ अडकलं असन,” म्हणत त्यांनी पाणी गाळून घेणारी खालची जाळी काढून धुतली. परत चालू केलं. धार नाही. परत बंद. परत जाळी. वारा आम्हाला डावीकडे रेटत होता. तिकडे धरणात बुडालेल्या जुन्या झाडांची खोडं उभी आहेत, काही पाण्याच्या वर, काही वीतभर खाली. त्यावर आपटली तर बोट फाटते. म्हातारी देवाचं नाव घेऊ लागली. लेकरू रडायला लागलं. मला मात्र पक्कं ठाऊक होतं की शेवाळबिवाळ काही नाही.

मी गुडघ्यांवर रांगत इंजिनापाशी गेलो आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. “भाऊ, दुपारी मी चावी फिरवली होती. कोरडी. जाळी नका बघू, फूल बघा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस मला पाण्यात ढकलणार, आणि ढकललं तरी चूक नाही. पण ते डबीकडे वळले. डबीचे चार स्क्रू काढले. आतलं फूल बाहेर आलं तेव्हा त्याला दोनच पाकळ्या होत्या. तीन तुटके तुकडे डबीतच सापडले. चौथा सापडेना. “तो नळीत असन,” ते पुटपुटले, आणि नळी सोडून, तोंड लावून जीव खाऊन फुंकू लागले. खोडं आता इतकी जवळ आली होती, की त्यांवरचे बगळे मोजता आले असते. काळा तुकडा टपकन बाहेर पडला.

“साबण हाय का कोणाजवळ?” ते ओरडले. तान्ह्याच्या आईने पिशवीतून वडी काढली. अवजारांच्या डब्यात जपून ठेवलेल्या नव्या फुलाला, कोरडं फिरू नये म्हणून, साबण चोळून त्यांनी ते बसवलं. चावी फिरवली. मी पाइपाकडे बघत होतो. आयुष्यात मी देवाकडेसुद्धा असं बघितलेलं नाही. धार पडली, जाडजूड, पांढरी.

काठावर उतरताना म्हातारीने विचारलं, “काय झालतं रे हरसिंग?”

“शेवाळ अडकलतं, याडी,” हरसिंगभाऊ तिला बंजारा बोलीत आई म्हणत बोलले. “ गुरुजीनं येळेवर पाह्यलं म्हनून वाचलो.”

लोक माझे आभार मानून गेले. मला जमीन फाटून आत जावंसं वाटत होतं. काठावर आम्ही दोघेच उरलो. हरसिंगभाऊंना आता एकट्याने तांड्यावर परतायचं होतं. ते इंजिनापाशी बसले होते, पण चावी भोकात जात नव्हती.

“उद्यापासून गाडीनं जासान, गुरुजी?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“भाऊ, चूक माझी आहे.”

“चुकीचं नाई म्हनत. तुमी उतरता नं रोज, मंग वापस जातानी मीच ओरडतो, धार चालू, धार चालू. आइकाले कोणी नसते. लय भेव लागते. मले बी पोवता येत नाई.”

मी घरी फोन करून सांगितलं, की आज मुक्काम शाळेतच आहे. मग पुन्हा बोटीत चढलो आणि माझ्या कोपऱ्यात बसलो. बोट सुटली. मी पाइपाकडे बघून ओरडलो, “धार चालू!”

“राहू द्या आता धार,” हरसिंगभाऊ म्हणाले. “इकडं या अन् बोला कायतरी.”

चहूकडे काळं पाणी होतं. मी डोळे मिटले आणि शाळेची हजेरी घेऊ लागलो. एकेका पोराचं नाव घेत गेलो, आणि दर नावाला हरसिंगभाऊ अंधारत चाललेल्या पाण्यावर ‘हां’ म्हणत राहिले.