मेंटेनन्सची गँग

आमच्या बेलवलीच्या सोसायटीतले मोकाशीकाका सलग दोन दिवस एकाच वाटेने दूध आणत नाहीत. डेअरी गेटसमोर आहे. तरी काका कधी पाण्याच्या टाकीवरून जातात, कधी स्मशानामागून. "काका, तिकडे जायची एवढी घाई कशाला?" असं वॉचमनने विचारूनही झालं.

काका अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स ऑफिसर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी मेंदूचा प्लँट हाती घेतला.

"मेंदूत रक्षण करणारी प्रोटीनं असतात. मेंटेनन्सची गँगच समज. कचरा उचलते, वाकलेलं सरळ करते. वय झालं की माणसं कमी पडतात, आणि काम नसलं की उरलेली पत्ते कुटतात. म्हणून गँगला काम द्या!"

यासाठी ते सगळं डाव्या हाताने करतात. सत्यनारायणाच्या प्रसादालाही डावाच हात पुढे केला, तेव्हा भटजींनी वाटी मागे घेतली. लिफ्टमध्ये मला ते सतराचा पाढा उलटा म्हणायला लावतात. मी हल्ली जिना चढतो. "तेही गँगला चालतं!" ते वरून ओरडतात.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी ते मला स्टेशनजवळ भेटले. अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट, हातात रिकामा टिफिन. हाही एक प्रयोग असेल म्हणून मी विचारलं नाही. बोळाबोळांतून नवी वाट काढत सव्वापाचलाच त्यांच्या दारात पोचलो.

"च्यायला, ही जवळची निघाली," काका घड्याळ बघत म्हणाले. चेहरा उतरला होता. तरी त्यांनी बेल दाबली.

काकूंनी दार उघडलं. "हे कामावर गेलेत," त्या काकांनाच अदबीने म्हणाल्या. "साडेपाचला येतील. नंतर या तुम्ही." दार लागलं.

काका पायरीवर बसले. "दोन वर्षं झाली. साडेपाचच्या बेललाच ओळखते. म्हणून दुपारी हिला सांभाळणारी बाई येऊन बसली, की मी ड्युटीवर जातो." मग टिफिनच्या झाकणाकडे बघत म्हणाले, "हिची गँग गेली रे. माझी टिकायला हवी. मी विसरलो, तर साडेपाचला येणार कोण?"

मला फार वाईट वाटलं. मी सतराचा पाढा उलटा सुरू केला. काका मध्ये मध्ये चुका काढत होते.

साडेपाचला त्यांनी पुन्हा बेल दाबली.

"आलात? हातपाय धुवा, चहा टाकते," काकू म्हणाल्या.

काकांनी टिफिन त्यांच्यापुढे धरला. उजव्या हाताने.