पावडर लावलेली बंदूक

आमच्या चाळीत पावडरचा डबा असलेला एकमेव पुरुष म्हणजे धुडकूभाऊ. आणि तो पावडर स्वतःला नाही, बंदुकीला लावायचा.

हसू नका. मी हसून घेतलंय. छऱ्याची बंदूक होती ती, हवेवर चालणारी. नळी खाली मोडायची, छर्रा घालायचा, नळी परत मिटायची. त्या सांध्यावर धुडकूभाऊ चिमूटभर पावडर भुरभुरायचा आणि चाप ओढायचा. पावडर उडाली तर हवा गळते म्हणायचं. नाही उडाली, तर पोराचा ताप उतरावा तसा त्याचा चेहरा व्हायचा.

सिल्वासाजवळच्या मसाटला तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते. दोऱ्याच्या कारखान्यात मी गेटवर वॉचमन, तो आत फिटर. माणूस धुळ्याकडचा. बायको वारली, मूलबाळ नव्हतं, तेव्हा बंदूक खांद्याला लावून सिल्वासाला आला. शाळेने मला दुसरीत सोडलं, पण माणूस कसा आहे ते मी गेटातून आत येतानाच ओळखतो. हा मला ओळखता आला नाही, कारण तो माझ्याकडे न बघता गेटाच्या बिजागरीकडे बघत आत आला.

बंदुकीत चामड्याचा वॉशर असतो. तो हवा धरतो. धुडकूभाऊच्या मते साऱ्या जगाचं दुखणं वॉशरचं. मी खोकलो की म्हणणार, "आबा, वॉशर सुकला तुमचा." मॅनेजर ओरडला की, "नुसतं प्रेशर आहे भो, वॉशर नाही." नवा वॉशर तो मोच्याकडून कापून आणायचा आणि आठवडाभर बरणीत तेलात भिजत घालायचा. एकदा त्याच्याकडे जेवायला बसलो होतो, बरणी समोर होती, मी लिंबाची फोड समजून एक तोंडात टाकली. बराच वेळ चावली.

"आबा, तो वॉशर आहे."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "मीठ कमी पडलंय."

गुजरातेत दारूबंदी, म्हणून तिकडची माणसं बाटलीसाठी सिल्वासाला यायची. हा सिल्वासात राहून तेलाशिवाय कशाची बाटली घरात आणत नव्हता. तेही बंदुकीला एकच थेंब. "जास्त पाजलं की धूर काढते, बडबड करते आणि छर्रा भलतीकडे टाकते. माणसासारखंच." छर्रा न घालता कुणी चाप ओढला तर तो हातातून बंदूक काढून घ्यायचा. नळी मोडून तशीच ठेवली तर तो जेवता जेवता उठायचा. "स्प्रिंग दाबून ठेवायची नाही भो. बंदुकीची पण नाही, माणसाची पण नाही."

एवढं करून मारायचा काय? कागद. सुरंगीच्या जंगलात शिकारीला चल म्हटलं तर म्हणायचा, "चिमणीने माझं काय खाल्लं?"

रविवारच्या बाजारात जमनाबेनचा फुगे फोडायचा स्टॉल असायचा. विधवा बाई, एकटी. लाकडी फळीवर फुग्यांच्या ओळी, पुढे एक म्हातारी बंदूक. अख्खी ओळ फोडली तर स्टीलचा पेला बक्षीस. पेले वर्षानुवर्षं तेच होते, कारण लालवर नेम धरला की छर्रा दोन फुगे सोडून फळीत जायचा. एका रविवारी धुडकूभाऊने सगळ्या कारखान्यासमोर नेम धरला आणि चुकला. त्याने बंदूक कानाला लावली, हलवली.

"बेन, ही आजारी आहे."

"आजारी छे, म्हणून तर माझं घर चालते, भाई."

पण ऐकेल तो धुडकूभाऊ कसला! "सर्विस फुकट" म्हणत बंदूक उचलून घेऊन आला. आठवडाभर त्याचं घर दवाखाना झालं. वॉशर बदलला, स्प्रिंग बदलली, नळीतून दोऱ्याला बांधलेला कापूस ओढून ओढून काढला. नळीच्या टोकाला नेम धरायचा दाणा असतो, त्याला माशी म्हणतात. ती सरळ केली. शेवटी पावडर भुरभुरली. कण हलला नाही.

पुढच्या रविवारी बाजारात काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. जो येईल तो फोडतोय. ज्याला दोरीवर चड्डी वाळत घालता येत नाही, तोही पेला घेऊन जातोय. मीही मारले. एक चुकला, तो वाऱ्याने. दुपारपर्यंत पेले संपले. फुगे फुगवून फुगवून जमनाबेनचे गाल सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाई मटकन खाली बसली. धुडकूभाऊ कौतुक ऐकायला बाजूला उभाच होता.

"भाई," ती म्हणाली, "तुम्ही बंदूक सारी केली, एकदम चांगली. आता पुढच्या रविवारी मी काय मांडू?"

ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

मी रस्त्यात त्याला म्हटलं, "माशी वाकव परत."

"चांगली केलेली बंदूक बिघडवू? हे हात झडतील, आबा!"

"मग बाईला सांग, उपाशी राहा, पण सांधा बघ कसा बसलाय!"

तो माझ्याशी बोलेनासा झाला. मीही बोललो नाही, मी काय कमी आहे? शनिवारी संध्याकाळी त्याच्या दारावरून गेलो. जमनाबेनची बंदूक परत त्याच्याकडे आली होती; शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलेली नव्हती, मांडीवर होती. त्याने पक्कड माशीला लावली, तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि दाबली.

रविवारी तोच पहिला उभा राहिला. अख्खी ओळ चुकला. कारखान्याची पोरं नाचायला लागली. "काय धुडकूभाऊ, वॉशर गेला का भो?"

"गेला," तो म्हणाला.

मग दर रविवारी तेच. त्याची फजिती बघायला गर्दी, आणि गर्दीतला प्रत्येक जण "बाजूला हो, मी दाखवतो" म्हणत पुढे. तेही चुकायचे. जमनाबेन पदर तोंडाला लावून हसायची. उरलेला वेळ धुडकूभाऊ खाली बसून फुगे फुगवायचा.

एकदा बाजार उठताना मी फळी उतरवायला हात लावला. छऱ्यांची भोकं सगळीकडे, देवी आलेल्या तोंडासारखी. पण मधोमध, लाल आणि पिवळ्याच्या मध्ये, एकच भोक होतं. माझं बोट आरपार गेलं. शेकडो छर्रे गेल्याशिवाय असं भोक पडत नाही, आणि तेही एकाच जागी.

जमनाबेनने माझं बोट पाहिलं.

"ए भाईनी जगा छे," ती म्हणाली. "तिथे मी फुगा लावत नाही."

मी वळून पाहिलं. धुडकूभाऊ तिचे बांबू बांधत होता. त्याच्या मानेवर पावडर होती. सर्विस करताना हात लागला असेल, असं मी धरून चाललो.

पण दोन्ही कानांच्या मागेसुद्धा?