मधल्या घराचे इंगळेसाहेब

इंगळेसाहेबांनी एकदा ग्रामपंचायतीच्या दारातल्या सगळ्या चपला ओळीनं मांडल्या. एका टोकाला तारेनं बांधलेली चप्पल, दुसऱ्या टोकाला सरपंचांचे चकचकीत बूट. मग दोन्हीकडून मोजत मोजत ते मध्यावर आले, तिथली चप्पल उचलली आणि आमच्या नव्या अधिकाऱ्यांना म्हणाले, "हे पाहा साहेब, हे तुमचं गाव."

मागून एक बाई म्हणाली, "गाव मंग दाखवा. पयले माही चप्पल द्या, मले वावरात जा लागते."

ती शोभाबाई. नवरा अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, पदरात दोन मुली.

तालुक्यातल्या कुटुंबांचं उत्पन्न वर्षागणिक किती बदललं, याचा अंदाज काढणं हे आमच्या अकोल्याच्या कार्यालयाचं काम. दर दोन-तीन वर्षांनी तीच गावं, तीच घरं, तेच प्रश्न. इंगळेसाहेब या कामात मुरलेले, मी त्यांच्या हाताखाली.

सरासरी हा शब्द त्यांना खपत नसे. "सरपंचानं गाडी घेतली की सरासरीत साऱ्या गावाची कमाई वाढते. तुमच्या दारात आली का गाडी? मले मधलं घर सांगा." सगळी घरं कमाईनुसार ओळीत उभी केली की बरोबर मध्यावर येतं, ते त्यांचं घर. पुस्तकात त्याला मध्यक म्हणतात. इंगळेसाहेब 'मधलं घर'च म्हणत.

कमाई कोणी खरी सांगत नाही, हेही त्यांचंच म्हणणं. "गरीब कमी सांगते, योजना हुकंन म्हून. मोठा कमी सांगते, कोनाच्या डोळ्यात याले नको म्हून. जास्त सांगनारा एकच, ज्याच्या पोराचं लगन जमून राह्यलं." म्हणून ते आडून विचारत. तेलाचं पाकीट किती दिवस जातं, अकोटला महिन्यातून किती फेऱ्या होतात. चांदूर बाजारला माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी वरबापालाच तेलाचं विचारलं. माझे काका वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

पहिल्या फेरीत शोभाबाईंचं घर खरंच मध्याच्या आसपास निघालं. दुसऱ्या फेरीला आम्ही गेलो तेव्हा नवरा आजारपणात गेला होता आणि घर ओळीत बरंच खाली सरकलं होतं. तिसऱ्या फेरीला दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ते तं पोरी घेऊन नांदगाव पेठले गेली, कपड्याच्या कंपनीत."

नियम सोपा होता. घर बंद असेल तर शेजारचं घर घ्यायचं. शेजारी एका शिक्षकाचं पक्कं घर होतं. मी फॉर्म काढला. इंगळेसाहेबांनी तो माझ्या हातून घेतला.

"असे किती कुलपं लागले या गावात?"

"सात-आठ असतील."

"त्यायच्या जागी मास्तरं घेतले की गाव सुधरलं. गरीब निंगून गेला म्हून गाव श्रीमंत झालं, असं लेहाचं काय आपून?"

अधिकारी वैतागले. अहवालाची तारीख जवळ आली होती. "इंगळे, गाव सोडलेल्या माणसांमागे फिरायला आपल्याकडे पैसे नाहीत."

"रजा हाय ना माह्याजवळ," साहेब म्हणाले.

रजा टाकून ते त्या सगळ्या घरांमागे फिरले. अमरावती, अकोट, एक कुटुंब पार बुऱ्हाणपूरला. शेवटी अमरावतीजवळचं नांदगाव पेठ, तिथं मीही सोबत गेलो. शोभाबाई एका खोलीत मुलींबरोबर राहत होत्या. नुकत्याच कंपनीतल्या पाळीवरून आल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांना आधी हसूच आलं.

"इथंबी आले काय तुमी?"

साहेबांनी नेमानं सगळे प्रश्न विचारले. खोलीचं भाडं, पगार, ओव्हरटाइम, मुलींचा शाळेचा खर्च. शोभाबाई भाकरी थापत उत्तरं देत होत्या. घरात माणसं किती, या प्रश्नाला "तीन" म्हणाल्या आणि मग सहज विचारलं, "तुमच्या घरी किती हायेत?"

साहेबांचं पेन थांबलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना उलटा कोणी विचारला नसावा. मीही विचारला नव्हता.

"एक," ते म्हणाले.

शोभाबाईंनी परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं आणि मोठ्या मुलीला ताटं काढायला सांगितलं. आम्ही जेवलो. साहेब एरवी पाच मिनिटांत जेवण उरकतात. त्या दिवशी मुलींच्या शाळेचं ऐकत ते बराच वेळ ताटावर बसून राहिले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी सांगितलं की बायकोला जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही.

अहवाल उशिरा गेला. मधल्या घराचा आकडा अधिकाऱ्यांना हवा होता त्यापेक्षा खाली आला. त्यांनी कुरकुर केली, पण सही केली.

त्यानंतर एका रविवारी इंगळेसाहेब मला अमरावतीच्या स्टँडवर दिसले. नांदगाव पेठच्या बसची वाट पाहत होते. कपडे इस्त्रीचे, हातात केळी.

"काही माहिती राहिली का साहेब?" मी विचारलं.

"नाई," ते म्हणाले. "जेवाले बलावलं हाय."