पाचव्या फळीची भेग

परशुरामने पडवीतल्या पिंपात खाडीचं खारं पाणी भरलं, त्यात सहा फळ्या सोडल्या आणि घरादाराला ताकीद दिली, "पिंपाला धक्का लावायचा नाय. फळ्या दुपारी उन्हात काढायच्या, संध्याकाळी परत पाण्यात. एकवीस दिवस."

"आनि मग काय होनार?" आईने, म्हणजे सगुणाने, विचारलं.

"भेग आपोआप भरून येणार."

सगुणाने नवऱ्याकडे पाहिलं. भिवाजींनी तंबाखू मळली. बाळकुमच्या धक्क्यावरच्या होड्यांच्या भेगा चाळीस वर्षं त्यांनी भरल्या होत्या. एकही भेग आपोआप भरलेली त्यांनी पाहिली नव्हती.

पण परशुराम कोळीवाड्यातला पहिला बी.एस्सी.! डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता. सन एक्याण्णव. त्याच्या डोक्यात एक लेप बसला होता, तो काही केल्या उतरत नव्हता. लेपात मोहरीहून बारीक गोळ्या, गोळीत पातळ राळ. लेपाला भेग पडली की गोळ्या फुटायच्या, राळ भेगेत उतरायची आणि घट्ट व्हायची. जखमेवर खपली धरते तसं. आगटे साहेबांनी सहा महिने दिले होते. जमलं तर परशुरामला स्वतंत्र प्रयोगशाळा, नाही तर गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहून घेण्याच्या टेबलावर बदली. शेवटचा महिना उरला होता.

सहा फळ्यांना सहा तऱ्हेचे लेप दिले होते आणि प्रत्येकीवर त्याने पात्याने एकेक चीर पाडली होती. धक्का लावू नका, पाणी सांडू नका, मांजर येऊ देऊ नका, सगळं बजावून झालं. फक्त 'भेगा भरू नका' हे सांगायचं राहिलं. असलं काही सांगावं लागतं, हे कुणाच्या डोक्यात तरी येईल का?

एकविसाव्या दिवशी त्याने फळ्या ओळीने मांडल्या. एक, तीन आणि सहाच्या चिरा जशाच्या तशा. दोन आणि चारच्या चिरेत तपकिरी काहीतरी बसलेलं आणि शेजारी पिवळा ठिपका. परशुरामने वहीत लिहिलं, 'फळी २ व ४ : पिवळा डाग. बहुधा बुरशी. बाद.' मग त्याने पाचवी उचलली. तिच्यावर चीर नव्हती. भिंग लावून पाहिलं, बोट फिरवलं, उन्हात तिरकी धरली. चीर नव्हतीच!

त्याने आईला उचलून गोल फिरवलं. "अरं मेल्या, कंबर मोडंल माझी!" सगुणा ओरडली.

आगटे साहेबांनी फळी पाहिली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली. "परशुराम, हे फार मोठं काम आहे. मुंबईहून दोन शास्त्रज्ञांना बोलावतो. सोमवारी."

रविवारी दुपारी जेवताना सगुणा कौतुकाने म्हणाली, "तुझ्या बाबाचा पन हात लागलाय हो त्या फळ्यांना. तुझा परयोग म्हनून किती जपून काम केलान त्याने."

परशुरामचा घास हातातच राहिला. "कसलं काम?"

"भेगा भरल्या ना," भिवाजी म्हणाले. "समोर उन्हात पडलेल्या. भेग दिसली तं भरायची नाय? पन ऐक तं, मी—"

ऐकतो कोण! राग आला की परशुराम शुद्ध मराठी बोलत असे. घरात 'बाबा, तू' म्हणणारा तो ताडकन उठला. "बाबा, तुम्ही माझं वाटोळं केलंत! आयुष्यभर दुसऱ्यांच्या होड्यांना ठिगळं लावलीत, आता माझ्या कामालाही ठिगळ लावलंत!"

वाटोळ्याचं भिवाजींना फारसं काही वाटलं नाही. ते 'तुम्ही' ऐकून मात्र त्यांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

सोमवारी शास्त्रज्ञ पोचायच्या आत परशुरामने साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला. 'भेग वडिलांनी भरली. प्रयोग रद्द समजावा.' साहेबांना पाहुण्यांपुढे बटाटेवडे ठेवून दिलगिरी व्यक्त करावी लागली. आठवडाभरात परशुराम तक्रारींच्या टेबलावर आला. "भिंतीला पोपडे आले," "दाराचा रंग चिकट राहिला," असं लोक सांगत आणि तो मान खाली घालून लिहून घेई.

घरी त्याहून वाईट होतं. भिवाजींनी हातच आखडून घेतले. धक्क्यावर जाईनात. घरातली कळशी गळू लागली तरी नुसते बघत बसत. सगुणा म्हणाली, "अवो, जरा राळ लावा की," तर म्हणाले, "परशाला इचार. त्याचा परयोग असंल." परशुरामला हे ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माफी मागावी असं रोज ठरवायचा आणि रोज डब्याची पिशवी उचलून निघून जायचा.

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली तेव्हा शेजारचा कुंडलिक दारात येऊन उभा राहिला. "भिवाजीदादा, माझी होडी गळतेय. नारळ सोडायचाय मना. चल ना रं."

"मना नको सांगू," भिवाजी म्हणाले.

"बाबा, जा तू," परशुराम आतून म्हणाला. "मी पन येतो. राळ धरतो."

तीन महिन्यांनी कानावर आलेलं ते 'तू' होतं. भिवाजी उठले.

धक्क्यावर त्यांनी भेगेत कापूस ठासला, राळ ओतली आणि अंगठ्याने दाबली. मग कनवटीची डबी काढून तेलात कालवलेल्या हळदीचा ठिपका शेजारी लावला.

परशुराम बघतच राहिला. "ही हळद कशाला?"

"भरली की लावायची. लवकर बरी होवो म्हनून. मानसाच्या जखमेला नाय लावत? माझा बा पन लावायचा."

"माझ्या फळ्यांना लावली होतीस?"

"लावली ना. दोघींना. राळ तेवढीच उरली होती, म्हनून दोघीच भरल्या."

"आणि पाचवीला?"

"पाचवी मी भरलीच नाय," भिवाजी म्हणाले. "तिला भेगच नव्हती, तं भरू काय? हेच सांगत होतो मी तवा."

राळेचं भांडं परशुरामच्या हातून धक्क्यावर आपटलं. बुरशी! बापाच्या चाळीस वर्षांच्या हाताला वहीत 'बुरशी' लिहून तो मोकळा झाला होता, आणि खरा साक्षीदार सांगायला लागला तेव्हा त्यानेच त्याचं तोंड बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन साहेबांपुढे उभा राहिला. साहेबांनी सगळं ऐकलं. "पण तू लेखी दिलंयस, परशुराम. आता कोण विश्वास ठेवणार, आणि नव्या प्रयोगाला पैसे कोण देणार?"

"साहेब, वडील ज्या फळीला हात लावतात तिच्यावर हळद असते. पाचवीवर नाही. तो एकच पुरावा आहे, पण पक्का आहे."

साहेबांनी वही चाळली. "उद्या फळी आण. बघू."

फळी कँटीनमध्ये सापडली. तिथला पोऱ्या पोपट तिच्यावर चहाची किटली ठेवत असे. तीन महिने गरम किटली सोसूनही चीर उमटली नव्हती, हळदीचाही कुठे मागमूस नव्हता. परशुरामने ती रुमालात गुंडाळून घरी आणली, भिवाजींच्या मांडीवर ठेवली आणि खाली मान घालून म्हणाला, "बाबा, चुकलं माझं. त्या दिवशी ऐकायला पायजे होतं तुझं. नाय ते बोललो."

भिवाजी फळीवरून अंगठा फिरवत राहिले. "काय काम केलंस रं! माझ्या बापजन्मात मना जमलं नसतं."

परशुरामला त्यांच्यासमोर उभं राहवेना. तो तोंड धुवायला मोरीवर गेला. परत आला तेव्हा भिवाजी हळदीच्या डबीचं झाकण लावत होते. पाचव्या फळीच्या मधोमध, अगदी चिरेच्या जागेशेजारी, टपोरा पिवळा ठिपका चमकत होता.

"हिला राहिली होती," भिवाजी म्हणाले. मग मुलाच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हात चटकन मागे घेतला. "का रं? चुकलं काय माझं?"

परशुरामने ठिपक्याकडे पाहिलं, मग त्या मागे घेतलेल्या हाताकडे. त्याने तो हात धरला आणि पुन्हा फळीवर ठेवला.

"नाय बाबा," तो म्हणाला. "बरं केलंस तू."

आणि पुढची सात वर्षं तो तक्रारी लिहून घेत राहिला.