मधमाशीच्या डोक्याएवढे तुकडे

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही चीनमधल्या शीआन शहरात, एका खाण्याच्या दुकानात माझ्या शेजारी बसला आहात. समोर भला मोठा वाडगा, हातात कडक जाड रोटी. ती ज्याची त्याने कुस्करायची, मग आचारी ती मेंढीच्या रश्श्यात शिजवून देतो. तुकडे केवढे हवेत? मधमाशीच्या डोक्याएवढे! आणि त्यात माझा हात धरणारा साऱ्या शहरात कुणी नाही!

त्या दिवशी लोयांगहून माझे व्याही फान आले होते, म्हणजे माझ्या नातीच्या, दोउदोउच्या, आईचे वडील. शीआन आणि लोयांग, दोन्ही चीनच्या जुन्या राजधान्या. त्यामुळे आमचं भांडण सोयरिकीपेक्षा जुनं!

"आमच्याकडे मेट्रोसाठी खणलं, की आधी पुरलेला राजा निघतो, मग मेट्रो!" मी म्हणालो.

"त्यात काय! आमच्याकडे मुळा उपटला तरी राजा निघतो!"

शेवटी पैज लागली. दुकानाचा सा नावाचा आचारी ज्याचे तुकडे नावाजेल, त्याची राजधानी थोरली. हरणाऱ्याने भर दुकानात तसं कबूल करायचं!

मी कुस्करायला बसलो. बोटं सुजली, पण तुकडे असे, की मधमाशीने आपलं डोकं चाचपून पाहावं! व्याह्यांचे? तटबंदीच्या विटा!

दोउदोउ हौसेने भाड्याने आणलेल्या जुन्या काळच्या राजकन्येच्या पोशाखात शेजारी बसली होती. अस्तन्या तिच्याहून लांब.

"दोउदोउ, मी नेहमी काय शिकवतो?" मी ऐटीत विचारलं.

"पाहुण्यांना चांगलं ते द्यावं!"

"शाब्बास!"

कुणाचा वाडगा ते कळावं म्हणून माझ्या वाडग्याला लाल चिमटा लावला होता, व्याह्यांच्या वाडग्याला हिरवा. आम्ही हात धुऊन येईपर्यंत दोउदोउने दोन्ही वाडगे आत आचाऱ्याकडे पोचवले.

जरा वेळाने सा आचारी खिडकीतून ओरडला, "काय हो, या विटा कुणाच्या? तटबंदी दुरुस्त करायचीय का?"

सगळं दुकान हसलं. सर्वांत मोठ्याने मी!

"लाल चिमटा!"

आचाऱ्याने वाडगा वर धरला. मी मान उंचावून पाहिलं, चिमटा खरंच लाल!

"आणि हिरव्या चिमट्यावाले, तुम्हाला नमस्कार! असा हात फक्त अस्सल शीआनकराचा!"

"मी लोयांगचा!" व्याही छाती फुगवून उभे राहिले.

"दोउदोउ! चिमटे?" मी कुजबुजलो.

"मीच बदलले, आजोबा! चांगला वाडगा पाहुण्यांना!" तिचे डोळे चमकत होते.

जन्मभर शिकवलेला धडा एका पैजेसाठी पुसायचा? मी उठलो आणि सर्वांसमोर म्हणालो, "लोयांग थोरली!" खरं सांगतो, हरताना इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता! शीआनची लेकरं अशी असतात, हे व्याह्यांना सांगणारही होतो. पण नात त्यांचीही होती!

असू दे. माझा जीव की प्राण, या रश्श्याबरोबर खायचा मुरवलेला गोड लसूण तरी समोर होता! मी हात पुढे केला. तेवढ्यात दोउदोउने अस्तनी सावरली, माझी लसणाची वाटी उचलली आणि हसत हसत लोयांगच्या आजोबांपुढे ठेवली.